लिनक्सवर गेमिंग, नजर कमी असताना: कोणता डेस्कटॉप घ्यावा?

माळरान

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, जरा लांबलाय तेव्हा सांभाळून घ्या.

मला स्टारगार्ट आहे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं बरं दिसतं, पण ज्या गोष्टीकडे थेट बघावं तीच नेमकी धुरकट होते, म्हणून मी नजर थोडी वर ठेवून खालचं वाचतो. चष्म्याचा यात काही उपयोग नाही, अक्षर मोठं करणं हाच उपाय. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, अल्पदृष्टी लिहिलंय.

आता मूळ मुद्दा. माझा पीसी जुना आहे, सहाव्या पिढीचा आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, एएमडीचं आरएक्स ५८० कार्ड आणि २७ इंची १०८०पी मॉनिटर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या प्रोसेसरवर रीतसर बसत नाही. नवीन मशीन घ्यायची आत्ता ऐपत नाही आणि खरं सांगायचं तर हे मशीन अजून छान चालतंय, टाकून द्यायला जीव होत नाही. म्हणून लिनक्स.

पण गेली आठ वर्षं विंडोजचं भिंग माझ्या हातात बसलंय, विंडोज की आणि अधिक दाबलं की मोठं, वजा दाबलं की लहान, विचारसुद्धा करावा लागत नाही. मला तसंच हवंय आणि ते गेम फुलस्क्रीन असताना चाललं पाहिजे. कर्सर मोठा हवा, नाहीतर मी अर्धा वेळ कर्सरच शोधत बसतो. खेळतो काय तर स्टारड्यू व्हॅली, हेडीस, विचर ३ आणि शनिवारी मित्रांबरोबर काउंटर स्ट्राइक २ (सीएस २). उबुंटू, मिंट, फेडोरा, बझाइट, कॅशीओएस अशी लिनक्सच्या डिस्ट्रोंची, म्हणजे वेगवेगळ्या तयार आवृत्त्यांची, नावं वाचून वाचून डोकं गरगरलंय. कोणता डिस्ट्रो टाकू? ज्यांची स्वतःची नजर कमी आहे त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल, कारण यूट्यूबवर सगळे एफपीएसचे (सेकंदाला किती चित्रं) आकडे सांगतात, अक्षर केवढं दिसतं ते कुणीच सांगत नाही.

गोट्या_९१

मिंट टाका. नवीन माणसाला मिंटच. अॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप झूम चालू करा, ऑल्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की पूर्ण स्क्रीन मोठी होते. आमच्या बाबांच्या लॅपटॉपवर हेच करून दिलंय, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी दोन वर्षं त्यांनी त्यावरच बँकेची कामं केली.

वाटसरू

माळरान, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मला जन्मापासून अल्बिनिझम आणि निस्टॅगमस आहे, म्हणजे उजेड सहन होत नाही आणि डोळे सतत हलतात. पुण्यात असतो, तीन वर्षं रोज लिनक्सवर काम आणि खेळ दोन्ही करतोय, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, डिस्ट्रोचा प्रश्न बाजूला ठेवा. तुम्हाला निवडायचाय तो डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू, सेटिंग दाखवणारा भाग, जसं केडीईचा प्लाझ्मा किंवा ग्नोम. कारण असं आहे, पूर्वी स्क्रीनवर चित्र दाखवायची एक्स११ नावाची पद्धत होती तेव्हा कुठलाही प्रोग्राम सगळ्या स्क्रीनचं चित्र वाचू शकायचा, त्यामुळे भिंगाचे सुटे प्रोग्राम मिळायचे, केमॅग वगैरे, आणि ते कुठल्याही डेस्कटॉपवर टाकता यायचे. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये सुरक्षेसाठी ते बंद झालं. आता स्क्रीनवर काय चाललंय ते फक्त कंपोझिटर बघू शकतो, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून शेवटचं चित्र मॉनिटरला पाठवणारा तो भाग. त्यामुळे भिंग आता कंपोझिटरच्या पोटातच असतं. प्लाझ्मा घेतला की केविनचं, म्हणजे त्याच्या कंपोझिटरचं, भिंग मिळणार, ग्नोम घेतला की ग्नोमचं. नाही आवडलं तर बाहेरून दुसरं आणता येत नाही. डिस्ट्रो एकवेळ सहा महिन्यांनी बदलाल, पण तुमचा हात आणि डोळा ज्या भिंगाला सरावतो ते डेस्कटॉपबरोबर येतं.

तुमच्या गरजा वाचून मी तरी केडीई प्लाझ्माच म्हणेन, तोही सहा, आणि वेलँडवर. विंडोज की आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की मोठं, वजा दाबलं की लहान, शून्य दाबलं की मूळ मापावर. म्हणजे तुमच्या हाताला जे माहीत आहे तेच. नवीन प्लाझ्मात विंडोज की आणि कंट्रोल दाबून चाक फिरवूनही झूम होतं. एकेका दाबण्यात किती मोठं व्हावं तेही ठरवता येतं, मूळ १.२ पट असतं, मी १.४ केलंय कारण मला पटकन मोठं लागतं.

त्याच सेटिंगमध्ये माउसच्या मागे चित्र कसं सरकावं ते आहे, आणि इथे घाई करू नका. प्रपोर्शनल ठेवलं तर कर्सर कडेला नेला की चित्रही त्या कडेला पोचतं. सेंटर्ड ठेवलं तर कर्सर कायम मध्यात आणि जग त्याच्याभोवती फिरतं. पुश म्हणजे कर्सर कडेला आपटला तरच चित्र सरकतं. मला निस्टॅगमसमुळे सेंटर्डवर अक्षरशः मळमळायला लागतं, सगळं हलतंय असं वाटतं. पुशवर चित्र स्थिर राहतं म्हणून मी ते वापरतो. तुम्हाला मध्यातलं दिसत नाही म्हणजे सेंटर्ड तुमच्या कामाचं नसावं, पण तिन्ही करून बघा.

कर्सरचं म्हणाल तर साइज वाढवता येतेच, शिवाय माउस जोरात हलवला की कर्सर फुगून मोठा होतो, प्लाझ्मा ६.१ पासून हे आपोआप चालू असतं.

मिंटबद्दल गोट्यांनी सांगितलं ते बरोबर आहे, झूम छान आहे. पण गेममध्ये ऑल्ट बऱ्याचदा लागतो, तेव्हा ती की बदलून घ्यावी लागेल. आणि फुलस्क्रीनला कंपोझिटिंग बंद करायचा एक पर्याय तिथे असतो, तो चालू असेल तर ऐन गेममध्ये झूम गायब.

गोट्या_९१

हे फुलस्क्रीनचं माहीत नव्हतं. बाबा काही गेम खेळत नव्हते त्यामुळे कधी कळलंच नाही. धन्यवाद वाटसरू.

अबोली

मी थोडी वेगळी बाजू मांडते. मला आरपी आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा. माळरान यांच्या अगदी उलट, मधलं दिसतं, कडेचं गेलंय, नळीतून बघितल्यासारखं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या दोन प्रकारे आहे, एक नजरेची तीक्ष्णता ६/१८ पासून ३/६० पर्यंत आणि दुसरी दृष्टीचं क्षेत्र ४० अंशांपासून १० अंशांपर्यंत. मी दुसऱ्यात बसते. हे सांगायचं कारण, सगळे "कमी दिसतं म्हणजे मोठं करा" असं धरून चालतात. मला मोठं केलं की उलट कमी दिसतं, कारण माझ्या नळीत आधीच थोडं मावतं, मोठं केलं की एखादं अक्षरच मावणार. मला लागतो कॉन्ट्रास्ट आणि कर्सर कुठंय ते कळणं. मी स्क्रीनपासून दोन हात लांब बसते.

मी ग्नोमवर आहे आणि मला तो सोडवत नाही. एक म्हणजे कंट्रोल दाबलं की कर्सरभोवती वलय उमटतं, सेटिंगमध्ये लोकेट पॉइंटर म्हणून आहे. दुसरं, झूममध्ये क्रॉसहेअर आहेत. झूम १ पट ठेवायचं, म्हणजे काहीच मोठं होत नाही, पण क्रॉसहेअर चालू करायचे, मग स्क्रीनभर एक आडवी आणि एक उभी रेघ येते आणि जिथे छेदतात तिथे कर्सर. मी जाड पिवळ्या ठेवल्यात. पूर्वी कर्सर शोधायला मी स्क्रीन पट्ट्यापट्ट्यांनी चाळायचे, डावीकडून उजवीकडे, मग थोडं खाली, परत डावीकडून. आता कुठलीही एक रेघ सापडली की तिच्यावरून चालत जायचं. बाकी भिंग सुपर (म्हणजे विंडोज की), ऑल्ट आणि ८ ने चालू बंद होतं, अर्ध्या स्क्रीनवरही ठेवता येतं, आणि ब्राइटनेस कॉन्ट्रास्ट तिथल्या तिथे बदलता येतो.

अजून एक, लॉगिन. ग्नोमच्या लॉगिन स्क्रीनवरच अॅक्सेसिबिलिटीचा मेनू असतो, पासवर्ड टाकायच्या आधीपासून झूम मिळतो.

माळरान यांना प्लाझ्मा जास्त सोयीचा पडेल हे मलाही पटतंय. पण हा धागा उद्या आरपीवाला कुणी वाचेल, त्याच्यासाठी लिहिलं.

वाटसरू

अबोली ताई, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं. लॉगिनचं तुमचं म्हणणं अगदी खरं, मला माझ्या लॉगिन स्क्रीनवर झूम मिळत नाही म्हणून मी ऑटो लॉगिन ठेवलंय. मशीन घरातच असतं, चालून जातं, पण हॉस्टेलवर राहणाऱ्याला तसं नाही करता येणार.

चिंचोका

माझी नजर ठीक आहे पण लिनक्सवर रोज खेळतो म्हणून गेमच्या बाजूचं सांगतो. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्वने २०१८ मध्ये प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) आणलं तेव्हापासून विंडोजचे बहुतेक गेम स्टीमवरून सरळ चालतात. तुमच्या यादीतले स्टारड्यू आणि सीएस २ लिनक्ससाठीच बनवलेले मिळतात, हेडीस आणि विचर प्रोटॉनवर मस्त. घेण्याआधी कोणता गेम किती चालतो ते सांगणाऱ्या प्रोटॉनडीबी साइटवर नाव टाकून बघायची सवय लावा.

काय चालत नाही ते पण ऐका. व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही, एपेक्स लेजंड्स ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सवर बंद केलं, जीटीए ऑनलाइनही सप्टेंबर २०२४ मध्ये नवीन अँटीचीट (लबाडी पकडणारा प्रोग्राम) आल्यावर गेलं. मित्रांनी उद्या व्हॅलोरंट धरलं तर तुम्ही बाहेर राहाल, हे आधीच माहीत असलेलं बरं.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. अबोली ताई, तुमचं पट्ट्यापट्ट्यांनी चाळणं वाचलं आणि वाटलं, अरे हे मी पण करतो, फक्त माझं कारण वेगळं.

काल एक प्रयोग केला आणि फसला. मित्राकडे जुना पेनड्राइव्ह होता, प्लाझ्मा ५ चा, तोच लावला. डेस्कटॉपवर झूम एकदम लोण्यासारखं. मग त्याच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरून एक छोटा गेम फुलस्क्रीन चालवला आणि झूम मेलं. विंडोज की आणि बरोबर कितीही दाबा, काही नाही. गेममधून बाहेर आलो की परत चालू. वाटसरू, तुम्ही तर म्हणाला होतात चालतं. माझं काय चुकतंय?

वाटसरू

तुमचं काही चुकलेलं नाही. तो एक्स११ वर सुरू झाला असणार. एक्स११ वर गेम फुलस्क्रीन झाला की तो कंपोझिटिंग थांबवू शकतो, वेग वाढावा म्हणून, आणि मी वर लिहिलं तसं भिंग कंपोझिटरच्या पोटात आहे, ते झोपलं की भिंगही झोपलं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये कंपोझिटरखाली "अॅप्लिकेशन्सना कंपोझिटिंग थांबवू द्या" अशा अर्थाची खूण असते, ती काढली की तिथेही झूम चालेल. पण तुम्ही नव्यानेच टाकताय तर या फंदात पडू नका, प्लाझ्मा ६ वेलँडवर घ्या, तिथे कंपोझिटर कधी झोपतच नाही. झूम चालू असताना मशीनला थोडं जास्त काम पडतं एवढंच, मला हेडीसमध्ये काही जाणवत नाही.

डिस्ट्रो आता सांगतो. फेडोराची केडीई आवृत्ती, किंवा तिच्याच कुटुंबातला बझाइट. बझाइटमध्ये स्टीम, गेमस्कोप सगळं आधीच बसवलेलं येतं, आणि अपडेटने काही बिघडलं तर सुरू करताना आधीची आवृत्ती निवडून मागे जाता येतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण एखाद्या अपडेटने भिंग बिघडलं तर डोळस माणूस सेटिंग शोधून दुरुस्त करेल, आपल्याला ती सेटिंग वाचायलाच भिंग लागतं. तुमचं कार्ड एएमडीचं आहे तेव्हा ड्रायव्हरची कटकट नाही. एनव्हिडियावाल्यांनी मात्र ५५५ किंवा त्यापुढचाच ड्रायव्हर घ्यावा, त्याआधी वेलँडवर गेम लुकलुकायचे आणि कमी नजरेला तो त्रास दुप्पट होतो.

माळरान

समजलं, म्हणजे पेनड्राइव्हच जुना. अजून एक शंका. सीएसमध्ये माउस गेमने पकडून ठेवलेला असतो, मग झूम कुणाच्या मागे जाणार? विंडोजवर पण हाच घोळ होता, मोठं केलं की मधलं दिसायचं पण खाली डावीकडचं हेल्थ आणि वरचा रडार स्क्रीनच्या बाहेर. मित्र ओरडायचे, अरे तुझं हेल्थ किती, आणि मला माहीतच नसायचं.

वाटसरू

हा खरा अवघड भाग आहे आणि यावर प्लाझ्मातही जादूची कांडी नाही. माउस पकडलेला असला की कर्सर मध्यात अडकतो, चित्रही तिथेच अडकतं. मी तीन गोष्टी करतो.

एक, भिंगाला हात लावायच्या आधी गेमच्या स्वतःच्या सेटिंग संपवायच्या. सीएस २ मध्ये रडारची साइज, एचयूडीची (हेल्थ वगैरे स्क्रीनवरच्या माहितीची) साइज आणि रंग, निशाण्याची जाडी आणि रंग सगळं बदलतं. माझा निशाणा जाड आकाशी आहे, हिरवा मला भिंतींवर हरवतो.

दोन, गेमस्कोप. हा एक छोटा कंपोझिटर आहे, गेमला आपल्या पोटात चालवतो. गेमला सांगायचं की तुझी स्क्रीन १२८० बाय ७२० आहे, आणि बाहेर ते चित्र ताणून १९२० बाय १०८० वर दाखवायचं. ज्या गेमची अक्षरं पिक्सेलच्या मापात ठरलेली असतात त्यांची अक्षरं दीडपट होतात आणि कोपरे कुठेही जात नाहीत, सगळी स्क्रीन समोर राहते. जे गेम रिझोल्यूशनप्रमाणे अक्षर बदलतात तिथे फरक पडत नाही, उगाच चित्र मऊ होतं, तेव्हा एकेक गेम करून बघावा लागतो. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये लाँच ऑप्शन्स असतात, तिथे गेमस्कोपची ओळ टाकायची. तुम्ही बझाइट टाकलात की मी ओळ खाजगी निरोपातून पाठवतो, इथे टाकली तर कुणीतरी एक जागा चुकवून कॉपी करेल.

तीन, आणि हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. माउसच्या अंगठ्याजवळची दोन बटणं. प्लाझ्मामध्ये माउसच्या सेटिंगमध्ये जादा बटणांना कीबोर्डचे शॉर्टकट देता येतात. पुढच्या बटणाला झूम मोठं, मागच्याला लहान. मग गेममध्ये डावा हात चालण्याच्या कींवरून उचलावाच लागत नाही. क्षणभर मोठं करायचं, बघायचं, परत मागे. भिंग सतत लावून ठेवण्यापेक्षा ही उघडझाप मला जास्त जमते.

सांजवेळ

मी जर्मनीत असते, स्टीम डेक (वाल्वचा हातात धरायचा गेमिंग कॉम्प्युटर) वापरते. मला ग्लॉकोमा आहे, एक डोळा जवळपास गेलाय. डेकवर डेस्कटॉप मोड प्लाझ्माच आहे त्यामुळे वरचं बरंचसं तिथेही लागू. गेमिंग मोडमध्ये स्टीमचं बटण आणि एल १ दाबलं की भिंग येतं. २०२५ मध्ये स्टीमच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीचं वेगळं पान आलं, त्यात सगळा इंटरफेस मोठा करणं, हाय कॉन्ट्रास्ट, हालचाली कमी करणं आहे, आणि स्टीमओएसवर स्क्रीन रीडर आणि रंगांचे फिल्टरही. डेकची ७ इंची स्क्रीन मला हातात धरून झेपत नाही, मी टीव्हीला जोडून जवळ स्टूल घेऊन बसते.

दुकानाच्या पानावरही आता गेम बनवणारे अॅक्सेसिबिलिटीची माहिती भरतात, अक्षरांची साइज बदलते का, मेनू वाचून दाखवतो का वगैरे. मी ते बघितल्याशिवाय काही घेत नाही. जमेल तेव्हा लास्ट ऑफ अस भाग २ नक्की बघा, एप्रिल २०२५ मध्ये पीसीवर आला. त्यात एक हाय कॉन्ट्रास्ट आहे, मागचं सगळं जग करडं होतं आणि आपली माणसं निळी, शत्रू लाल. अंधाऱ्या खोलीत समोर कोण उभंय ते मला गेममध्ये पहिल्यांदा त्यात कळलं, मी पंधरा मिनिटं नुसती इकडून तिकडे फिरत होते.

माळरान

माझ्या कार्डाला तो झेपायचा नाही बहुतेक, पण यादीत टाकून ठेवतो. वाचूनच अंगावर काटा आला.

कंदील

मी अंध आणि अल्पदृष्टी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, गेममधलं फार कळत नाही, पण एक भर घालतो. नजर दिवसेंदिवस कमी होत असेल तर आत्तापासून ओर्का शिकून ठेवावा. ओर्का म्हणजे लिनक्सचा स्क्रीन रीडर, ग्नोममध्ये सुपर, ऑल्ट आणि एस ने चालू होतो. ईस्पीक या मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या आवाजात मराठी आहे, आवाज यांत्रिक आहे पण शब्द कळतात आणि जुन्या मशीनवरही अडखळत नाही.

केरळमध्ये बनवलेला अॅक्सेसिबल कोकोनट नावाचा डिस्ट्रो आहे, उबुंटू माटेवर आधारलेला, खास अंधांसाठी. मुलांना शिकवायला तो फार सोयीचा, पहिल्या क्षणापासून बोलतो. गेमिंगसाठी नाही सुचवणार, पण घरात दुसरं जुनं मशीन असेल तर एकदा लावून बघा. आमचा एक मुलगा सहावीत आहे, दोन महिन्यांत तो कीबोर्डकडे न बघता स्वतःचा निबंध टाइप करायला लागला.

आणि गेम खेळणाऱ्या सगळ्यांना विनंती, मॉनिटरला हलता हात बसवून घ्या. मान पुढे काढून तासन्‌तास बसणारी मुलं मी रोज बघतो, मानेची दुखणी डोळ्यांच्या आधी येतात. मॉनिटर तुमच्याकडे यायला हवा, तुम्ही मॉनिटरकडे नाही.

चिंचोका

कॉन्ट्रास्टचं निघालंय तर व्हीकेबसाल्ट बघा. प्रोटॉनमध्ये विंडोजच्या डायरेक्ट एक्सचं ग्राफिक्सचं काम व्हल्कनमध्ये बदललं जातं, आणि हे व्हल्कनवर बसणारा एक पातळ थर आहे, चित्राच्या कडा धारदार करतं, रीशेडचे शेडर, म्हणजे चित्राचे फिल्टर, लावून कॉन्ट्रास्टही वाढवता येतो. होम की दाबली की चालू बंद. विचरमध्ये संध्याकाळच्या जंगलात मला स्वतःलाच काही दिसायचं नाही म्हणून लावलं होतं. फक्त एकट्याने खेळायच्या गेममध्येच वापरा, अँटीचीट असलेल्या गेममध्ये असले थर लावून अकाउंट धोक्यात घालू नका.

माळरान

मंडळी, बारा दिवसांनी परत आलोय, सविस्तर सांगतो.

बझाइट टाकला, प्लाझ्मावाला. आधी पेनड्राइव्हवर बघून घेतलं, यावेळी नवीन डाउनलोड करून. इन्स्टॉल करताना धाकटी बहीण शेजारी बसली होती, पण डिस्क निवडायच्या पानावर तिला उठवून सांगितलं की मी स्वतः वाचतो, कारण चुकून दुसरी डिस्क पुसली तर तिच्यावर आळ नको. झूम करून एकेक अक्षर वाचलं. वीस मिनिटं लागली त्या एका पानाला.

सेटिंग अशी बसलीय. झूम प्रपोर्शनल, एका दाबण्याला १.३ पट. पुश करून बघितलं पण मला कडेपर्यंत कर्सर नेतानाच तो हरवतो. अंगठ्याची बटणं झूमला दिली, वाटसरू, या एका गोष्टीसाठी तुम्हाला भेटून चहा पाजायचाय. कर्सर मोठा केला. गडद थीम. स्टीममध्ये इंटरफेस मोठा केला.

सीएसमध्ये गेमस्कोपने एचयूडी मोठा होईल असं वाटलं होतं, तो जेमतेमच बदलला, शेवटी गेममधली साइज वाढवून आणि बटणाने उघडझाप करून काम भागतंय. कोपऱ्यांचं दुखणं तसंच आहे, फक्त आता हेल्थ बघायला झूम सोडून परत लावायला अर्धा सेकंद लागतो, आधी मी बघतच नव्हतो. हेडीसमध्ये गॉड मोड चालू केला, प्रत्येक मरणाला मार थोडा थोडा कमी बसत जातो, २० टक्क्यांपासून ८० पर्यंत. आधी मला ते लबाडी वाटायचं. आता वाटतं, मला अंगावर येणारा बाण उशिरा दिसतो, तेवढी सवलत माझी आहे.

आणि स्टारड्यू. त्यात मासेमारीची एक उभी पट्टी येते, तिच्यात हिरवा तुकडा वरखाली करून माशाच्या मागे ठेवायचा. गेली चार वर्षं मी मासेमारी सोडूनच दिली होती, ती पट्टी आणि मासा मला एकच डाग दिसायचा. परवा रात्री दीडच्या सुमाराला सुचलं की झूम कर्सरच्या मागे जातं आणि मासे धरताना कर्सरचं तर काही कामच नसतं. मग गळ टाकायच्या आधीच कर्सर पट्टी उगवते त्या जागेशेजारी नेऊन ठेवला. मासा लागला, अंगठ्याने तीनदा दाबलं, आणि पट्टी निम्म्या स्क्रीनएवढी झाली. नजर वर ठेवून खालून बघितलं तर माशाची शेपटीसुद्धा दिसत होती. पहिले दोन सुटले. तिसरा धरला. कार्प होता, गेममध्ये त्याला काही किंमत नाही, पण मी तो विकला नाही, पेटीत ठेवलाय.

एक अडचण राहिलीय. मशीन चालू होताना आवृत्ती निवडायचा जो काळा मेनू येतो त्याचं अक्षर फार बारीक आहे, तिथे झूम नाही. वाटसरू म्हणाले तसं मागे जायची वेळ आली तर मला तो वाचता येणार नाही. कुणी मोठं केलंय का?

अबोली

मासा ठेवलात ते बरं केलंत. मी मेनू मोठा नाही केला, पण त्याचा फोनवर फोटो काढून ठेवलाय आणि कितव्या ओळीवर काय आहे ते पाठ केलंय, खाली बाण एकदा म्हणजे आधीची आवृत्ती.

वाटसरू

तो मेनू ग्रबचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, असतो, त्याचं रिझोल्यूशन कमी करता येतं, म्हणजे अक्षर आपोआप मोठं. ६४० बाय ४८० ठेवलं तर लांबूनही वाचता येतं. बझाइटवर फाइल कुठे बदलायची ते थोडं वेगळं आहे, रविवारी माझ्या मशीनवर करून बघतो आणि मग लिहितो, तोवर अबोली ताईंचा फोटोचा उपाय करा. आणि कोपऱ्यांच्या दुखण्याबद्दल केडीईच्या बगझिलावर, म्हणजे त्रुटी नोंदवायच्या साइटवर, लिहूया का? हेल्थ विचारणाऱ्या मित्रांचा किस्सा तुम्ही वर लिहिलाय तसाच लिहा, इंग्रजी मी करून देतो.

माळरान

लिहितो. आज रात्रीच लिहून पाठवतो.